पन्हा किती?

श्रावणातली दुपार, बाहेर भुरभुर पाऊस, कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात तुरळक गिऱ्हाईक. गादीवर एक सेल्समन स्वतःच शालू नेसून उभा. भरघोस मिशा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि डाव्या खांद्यावरून घोट्यापर्यंत सोडलेला भरजरी पदर. समोर नवरीची आई, शेजारी आत्या, आणि आत्याच्या हातात फोन. नवरी त्या फोनात. तिकडे जर्मनीत सकाळचे साडेदहा वाजलेत, पोरगी ऑफिसच्या जिन्यात बसून लग्नाचा शालू बघते आहे.

"आई, हा वाइन कलर आहे का गं?"

"वांगी आहे."

"डाळिंबी हाय ताई ह्यो," मिशांमधून आवाज येतो. "फोनमधी तसा दिसतोय."

तिघांनी तीन रंग सांगितले आणि तिघंही खरंच बोलत होती. रेशमी साडीत ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा असला की घडी हलेल तसा रंग बदलतो. धूपछाव म्हणतात ती हीच. डोळा दोन्ही रंग एकदम पकडतो. फोन त्यातला एक निवडतो, तोही दुकानातल्या दिव्यांच्या उजेडाचा अंदाज घेऊन, आपल्या मनाने. त्यात व्हिडिओ कॉल म्हटल्यावर जरीचे बारीक बुट्टे चुरून त्यांची खीर होते. म्हणून आधी फोटो, मग कॉल. साडी दाराशी आणायची, उन्हात नव्हे, सावलीतल्या उजेडात. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच, त्यामुळे श्रावणात रंग बघावेत हे माझं जुनं मत आहे. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवायचा. फोटोत कागद पिवळट दिसला तर साडीचा रंगही तेवढाच पिवळट झालाय असं धरायचं. कॉल घ्यायचा तो फक्त साडी पडते कशी ते बघायला. सेल्समनला सांगायचं, निऱ्या घाल आणि दोन पावलं चाल. तो चालतो. बिचाऱ्याला सवय आहे.

बस्ता बांधायचा म्हणजे पूर्वी वऱ्हाडाची रंगीत तालीमच असे. दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसं दोन जीपमध्ये कोंबून पेठेत उतरायची. गादीवर पांढरी चादर, तिच्यावर साड्यांचे ढीग, कडेला चहाचे कप. बरोबर आणलेल्या पोरांना बाटलीतलं थंड मिळायचं आणि तासाभरात ती त्या ढिगांवरच आडवी व्हायची, गालाला खळीचा वास आणि जरीचे वळ. मानाच्या साड्या किती, करवलीची कुठली, विहीणबाईंच्या साडीपेक्षा जाऊबाईंची भारी का, यावर आवाज चढायचे. शेवटी गाठोडं बांधून त्याला हळदकुंकू लागलं की मघाशी भांडलेलीच माणसं एका ताटात मिसळ खायची. नवरी या सगळ्यात कुठेतरी मागे बसलेली असे. तिला विचारायचेच असं नाही.

आता विचारतात ते तिलाच, आणि ती सात हजार किलोमीटरवर आहे. हा बदल चांगलाच. फक्त ती पहिला प्रश्न रंगाचा विचारते. तो पन्ह्याचा हवा.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि नेसल्यावर रुंदीचीच उंची होते हे लक्षात येत नाही तोवर सगळं गोड असतं. साडीचा पन्हा 44 ते 48 इंचांच्या आत-बाहेर असतो. पोरगी 5 फूट 7 इंच असेल तर कमरेपासून घोट्यापर्यंत 40 इंच सहज जातात, वर खोचायला तीन-चार इंच, आणि साडी अंगावर जरा सैल बसायला अजून एक. म्हणजे 45 इंची पन्ह्यात सगळं कापड संपलं. वर तिने उंच टाचा घातल्या तर काठ जमिनीपासून वीतभर वर लटकणार. आजीची ठेवणीतली साडी नेसायची हौस असलेल्या मुलींचं हमखास इथंच फसतं. आजी पाच फुटांची होती.

नऊवारीत तर लांबीचाही हिशेब. नऊ वार म्हणजे 8 मीटर 23 सेंटिमीटर, पण दुकानात "नऊवारी" म्हणून हातात येणारं कापड ब्लाउजपीस धरून आहे की सोडून, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ब्लाउजचं कापड त्यातूनच कापलं की मागचा काष्टा आखूड होतो, ओचा नीट बसत नाही, आणि नेसवणारी बाई "साडीच कमी आहे" म्हणून मोकळी होते. विकत घेतानाच टेप लावून मोजून घ्यायची. दुकानदाराला राग येतो. येऊ द्या.

शिवलेल्या नऊवारीबद्दल माझ्या मनात अढी आहे हे आधीच कबूल करतो. पायजम्यासारखी चढवायची, हूक लावायचे, झालं. पण जिथे नेसवणारं कुणी नाही तिथे तीच उपयोगाची, हेही खरं. फक्त हातमागाची पैठणी कापून ती शिवायची नाही. कापलेली पैठणी पुढच्या पिढीच्या कामाची उरत नाही. साध्या साडीची शिवा, पैठणी नेसा. आणि शिवणार असाल तर आसनाचं माप बसून घ्या. उभ्याने घेतलेल्या मापाची नऊवारी उभ्याने झकास दिसते. मग होमासमोर तासभर मांडी घालायची वेळ येते आणि मागची शिवण टचकन उसवते. ताठ खुर्चीवर बसायचं, कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत बाजूने टेप धरायचा, जे येईल त्यात दोन इंच मिळवायचे. कंबर, सीट आणि मांडीघेर वेगळे.

पैठणी हातमागाची आहे का, हे मात्र फोनवरूनही ओळखता येतं. पदर उलटा करायला सांगायचा. हातमागाच्या पैठणीत मोर पुढून जसा तसाच मागून, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरता आत-बाहेर करून तिथेच अडकवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कातरून टाकलेले दिसतात. यंत्रमागाची घेऊ नये असं नाही. इचलकरंजी इथून हाकेवर आहे, यंत्रमागाला नावं ठेवायची आपली टाप नाही. तिला हातमागाची किंमत मोजू नये एवढंच. रेशमाची शंका असेल तर दशांमधला, म्हणजे पदराच्या टोकाच्या सुट्या धाग्यांतला, एक धागा जाळायचा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरडणारी राख पडते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. हे काम आत्यांना फार आवडतं.

ब्लाउजपाशी खरी पंचाईत. साडी कुणालाही होते, ब्लाउज एकीलाच. परदेशी टेप सेंटिमीटरचा, पेठेतला टेलर इंच आणि सुतातला, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ती 92 सांगते, तो 36 इंच 2 सूत लिहितो, मधे कुणी फक्त "छत्तीस" कळवलं की गेलं. मापं स्वतःची स्वतः घ्यायची नाहीत. हात वर गेला की छाती, मुंढा दोन्ही बदलतात. मैत्रिणीला बोलवायचं. लग्नात आत जे घालणार तेच घालून छाती, छातीखालचा घेर, कंबर, शोल्डर, मुंढा म्हणजे बाही जोडतात तिथला घेर, दंडघेर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, ब्लाउजची उंची, आणि खांद्यापासून टक्सपर्यंतचं, म्हणजे छातीवरच्या चुणीच्या टोकापर्यंतचं, अंतर. हे शेवटचं सगळ्याजणी विसरतात आणि मग ब्लाउज सगळीकडे बरोबर असूनही कुठेतरी चुकलेला दिसतो.

या आकड्यांवर भरजरी कापडाला थेट कात्री लावायची नाही. आधी साध्या सुती कापडाचा एक ब्लाउज शिवून जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर धाडायचा. कोल्हापुरातल्या दर गल्लीत कुणाचा तरी भाचा पुढच्या आठवड्यात तिकडे निघालेला असतोच. तिने घालून फोटो पाठवायचे, टाचण्या लावून ढिलं-घट्ट दाखवायचं, मग खरं कापड. बाह्यांवर आरीवर्क असेल तर हे सगळं लग्नाच्या दीड-दोन महिने आधी, कारण वर्क कापण्याआधी फ्रेमवर होतं आणि त्यालाच तीन-चार आठवडे जातात. मणी शिवणीच्या अर्धा इंच अलीकडे थांबवायला सांगायचे, नाहीतर उसवून सैल करताना हातात मण्यांचा पाऊस. अस्तर कापण्याआधी भिजवून वाळवलेलं हवं. आणि दोन्ही कुशीला दोन-दोन इंच माया.

माया. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला असेल? वरून दिसत नाही, घालणारीला टोचते देखील, पण चार महिन्यांत अंगाने भरली तरी ब्लाउज तिला आत घेतो. पोरगी तिकडे पाव-चीज खाते, इथे उतरल्यावर केळवणं सुरू होतात; टेलर म्हणतो, "तीन इंच सोडू काय?" अनुभवी माणूस आहे.

दागिन्यांचं त्यामानाने सोपं, सराफांची गुजरी आहे. कोल्हापुरी साज घ्यायचा तर लांबी आधी ठरवायची: गळ्यात दोरा घालायचा, साजाचं शेवटचं पान जिथे यायला हवं तिथे गाठ मारायची, दोरा काढून मोजायचा. पटवेकरी तेवढ्या मापाने गाठवून देतो. ठुशी गळ्याशी, साज तिच्या खाली मोकळा, आणि ब्लाउजचा गळा या दोघांत भांडण न लावणारा. साजाची पानं एकवीस सांगतात: दशावतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, एक माणिक, एक पाचू आणि एक ताईत. मोजत बसणारी एक तरी बाई मांडवात असतेच. मण्यांच्या आत लाख भरलेली असते, म्हणून सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्यायचं आणि साज गरम पाण्यापासून लांब ठेवायचा. सोनं तिकडे घेऊन जायचं आणि सणावाराला परत आणायचं असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, म्हणजे आपल्याच पाटल्यांवर कर भरण्याची पाळी येत नाही. साडी कुरिअरने तिकडे मागवायचा मोह मात्र टाळावा. युरोपात घरगुती भेटीला 45 युरोपर्यंत सूट आहे. त्यात पैठणीचा पदरही यायचा नाही. लग्न तिकडेच असेल तर अजून गमती. सुकं खोबरं विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाही, ते पेट घेतं म्हणून. अमेरिकेत तर प्रवाशाने भारतातून तांदूळ न्यायलाच बंदी, धान्यात पडणाऱ्या खापरा किड्याच्या धास्तीने. म्हणजे अक्षता तिकडच्या तांदळाच्या. ओटीचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

राहिला चुडा. बांगडीचं माप दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, कासार त्यालाच सव्वादोन म्हणतो. अंगठा तळहातात दुमडून हाताचा सगळ्यात रुंद घेर मोजायचा. 19 सेंटिमीटर आला तर दोन-सहा. पण हे थंडीतलं माप. विमानातून उतरलेला हात सुजलेला असतो, म्हणून चुडा भरायचा तो पोचल्यावर दोन दिवसांनी. कासार मात्र घेर वगैरे मोजत नाही. हात हातात घेतो, अंगठ्याचं हाड एकदा दाबतो आणि तुम्ही सांगितलेल्या मापापेक्षा एक माप लहान बांगडी काढतो. ती जातेही. भरताना एखादी गेली तर ती फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. चार-सहा वाढणार हे धरूनच आणाव्यात.

दुकानात एव्हाना सात शालू उलगडून झालेत. आठव्याला सेल्समनने नुसताच खांद्यावर पदर टाकलाय. पोरगी तिकडून म्हणते, "आई, तो दुसरा परत दाखवा ना. नाहीतर तिसरा. थांब, माझी मीटिंग आहे, संध्याकाळी ठरवू का?"

"पन्हा विचार की तेवढा," आई म्हणते, पण जिन्यातली पोरगी उठून गेलेली असते. पडद्यावर नुसता जिना.

सेल्समन शालू सोडवून घडी घालायला बसतो. आत्या फोन पालथा ठेवते, मनगट चोळते, गादीवर पहिल्यांदाच नीट मांडी घालून बसते.

"आता आत्याची साडी काढा," ती म्हणते. "आणि त्यो वरचा दिवा बंद करा."