तुम्ही विचारलंत म्हणून : आजोबांची चौथी आणि नातवाची सातवी

जिल्हा परिषदेच्या शाळांत 32 वर्षे नोकरी करून मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून लग्नकार्यात, एस.टी.त, बँकेच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो. "गुरुजी, आमचे आजोबा नुसते चौथी शिकलेले होते, पण त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ होते. आता वाडीवाडीवर शाळा झाल्या, तरी सातवीतल्या पोराला धड वाचता येत नाही. मग एवढ्या शाळा काढून देशाने मिळवले काय?" उतरायचे गाव येईपर्यंत याचे उत्तर सांगून होत नाही, म्हणून ते लिहून काढत आहे.

आजोबांविषयी तुम्ही सांगता ते खरेच आहे. परंतु त्यांच्या वर्गात पहिलीला बसलेली बाकीची मुले कोठे गेली, हे कोणी विचारत नाही. बीड जिल्ह्यातील ज्या शाळेवर मी 1988 साली रुजू झालो, तेथील लोखंडी पेटीत निजाम राजवटीनंतरच्या पहिल्या वर्षांचे दाखल-खारीज रजिस्टर होते. कडेने वाळवी लागलेले, पण आतली शाई शाबूत. पहिलीची नावे पानभर भरलेली होती आणि त्यांतली चौथीपर्यंत पोहोचलेली बोटांवर मोजता येण्यासारखी. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'सतत गैरहजर', 'घरकाम', 'गुरे राखणे' असे शेरे एकाखाली एक उतरत गेले होते. मुलींची नावे मुळातच मोजकी, आणि त्यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी 'लग्न झाल्यामुळे' असे लिहिलेले. आपल्या आठवणीतली चौथी म्हणजे या गाळणीतून खाली उतरलेली मुले होत. मला प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढेच उलट विचारतो, की तुमच्या आजोबांच्या बहिणीचे अक्षर कसे होते?

1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास होते आणि स्त्रियांमध्ये तर शंभरांत नऊ जणींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. हा योगायोग नव्हता. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, अशी तक्रार करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे जोतीराव फुले यांनी 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगितले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1906 मध्ये आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपापल्या संस्थानांत जे करून दाखवले, ते ब्रिटिश मुलखात घडले नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणासाठी 10 वर्षांची मुदत घातली. ती 1960 साली संपली, आणि शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क आहे, असे सांगणारा कायदा प्रत्यक्षात लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. मधल्या 50 वर्षांत किती पिढ्या त्या रकान्यात विरून गेल्या, याचा विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ वाटते.

वाढ मात्र झाली, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. माझी पहिली शाळा एकशिक्षकी होती आणि मारुतीच्या देवळात भरत असे. खडू-फळा योजनेतून दुसरी खोली व दुसरा शिक्षक मिळाला, तेव्हा चार इयत्तांना एकाच वेळी शिकवण्याची माझी कसरत निम्म्यावर आली. सावित्रीबाईंच्या नावाने मुलींना दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्या रुपयाची आज कोणाला किंमत वाटणार नाही, पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलेली मुलगी त्याला कडेवर घेऊन का होईना, शाळेत येऊ लागली. 1995 मध्ये पोषण आहार योजना आली. आरंभी आम्ही महिन्याचे तांदूळ मोजून देत असू. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली, आणि मधल्या सुट्टीनंतर रिकामा होणारा वर्ग भरलेला राहू लागला. त्याच सुमारास सर्व शिक्षा अभियान आले आणि जिथे शाळा नव्हती अशा तांड्यांवर वस्तीशाळा उघडल्या. पुढे गळती हा शब्द आमच्या बैठकांत पूर्वीइतका ऐकू येईनासा झाला. आज देशात सुमारे 15 लाख शाळा आहेत आणि त्यांत 25 कोटींच्या आसपास मुले शिकतात.

ही वाढ आपण स्वस्तात केली, हे मात्र मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्चावी, असे सांगितले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, गावातली शाळा आतून ओळखणारे. 6 टक्क्यांचा तो आकडा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही उद्दिष्ट म्हणूनच छापला गेला. वस्तीशाळेवर गावातलाच शिकलेला तरुण तुटपुंज्या मानधनावर नेमला गेला, आणि 2000 पासून नवा प्राथमिक शिक्षकही शिक्षणसेवक म्हणून महिना 3000 रुपयांवर रुजू होऊ लागला.

तरीही वाचन न येण्याचे मुख्य कारण माझ्या मते पैशांत नाही. आपण गाळणी काढून टाकली, पण शिकवण्याची चाल गाळणी असतानाचीच ठेवली. एक मुलगी आठवते. दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर ती ऊसतोडीला जाई आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येई. कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात, म्हणजे पाचवीत, ती बसत होती. हजेरीत तिचे नाव होते, गणवेश होता, पुस्तकेही मिळाली होती. मी तिच्यापुढे मराठीचा धडा ठेवला तेव्हा ती 'कमळ' वाचू शकली आणि 'कार्यक्रम'पाशी अडली. जोडाक्षरावर बोट ठेवून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. वर्ग मात्र अठराव्या धड्यावर पोहोचला होता, कारण वर्षाच्या नियोजनात तसे लिहिलेले होते. जुन्या शाळेने तिचे नाव केव्हाच कमी केले असते. नव्या शाळेने ते ठेवले, पण तिच्यासाठी थांबायला कोणाला वेळ दिला नाही.

मुलांना वाचता-गणित येते का, हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील 98 टक्क्यांहून अधिक मुलांचे नाव शाळेत होते आणि पाचवीतल्या सुमारे 43 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनाच्या आधी, 2018 मध्येही, हे प्रमाण निम्म्याच्याच आसपास होते. 98 आणि 43 हे दोन आकडे लोक एकमेकांविरुद्ध उभे करतात. मला दुसरा आकडा पहिल्याचे उरलेले काम वाटतो. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे रोज तासभर बसवले, तर काही आठवड्यांत फरक पडतो, हे मी माझ्या केंद्रातील तीन शाळांत करून पाहिले आहे. ती मुलगी आषाढ लागेपर्यंत गोष्टीचे पुस्तक सलग वाचू लागली होती. मात्र त्या तासाभरासाठी शिक्षकाला ऑनलाइन माहिती भरण्यातून आणि मतदार याद्यांतून मोकळे करावे लागते, आणि ते माझ्या हातात नव्हते.

आता 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा राज्य सरकारचा विचार 2023 पासून पुढे आला आहे. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान आणि विषयवार शिक्षक मिळतील, हे मला पटते. पण आमच्या भागातील तांड्यांपासून मोठे गाव दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि वाटेत ओढा आहे. पावसाळ्यात मुलगा कदाचित तो ओलांडेल, मुलीला मात्र घरचे पाठवणार नाहीत, आणि मुख्याध्यापकाला त्या रकान्यात पुन्हा 'सतत गैरहजर' असे लिहावे लागेल.