आठ फटक्यांची माफी

गोल्फमधलं हँडिकॅप आईला समजावून सांगायला मला एकच शब्द पुरला. म्हटलं, "लपाछपीत आपण लिंबूटिंबू घ्यायचो ना, तसंच. फक्त इथं कोण किती लिंबूटिंबू, ते दशांशात मोजतात."

मटार सोलता सोलता तिनं विचारलं, "मग तू किती?"

"सात पूर्णांक चार. आमच्या कोर्सवर त्याचे आठ फटके होतात. म्हणजे जो खेळ 72 फटक्यांत संपायला हवा, तो मी 80 मध्ये संपवला तरी बरोबरीत धरतात."

"आठ फटके माफ?"

"हो."

"आणि तू पहाटे पाचला उठून जातोस ते ही माफी कमी करायला?"

"हो."

तिनं एक शेंग उघडली, आत दोनच दाणे निघाले, ते वाटीत टाकले. "मिळतेय तर घ्यावी की."

याला उत्तर नाही. खरं तर आमच्या शनिवारच्या चौकडीतही नाही. तिथं एकाचं हँडिकॅप अठरा आहे आणि गेली कित्येक वर्षं ते अठराच आहे. खेळात होलही अठराच, म्हणून तो प्रत्येक होलला एक फटका खिशात घालून सुरुवात करतो आणि दर दुसऱ्या शनिवारी आमच्या पैशानं ऑम्लेट खातो. मी मात्र दर शनिवारी एक दशांश कमी व्हावा म्हणून जीव टाकतो, आणि तो कमी झालाच तर पुढच्या आठवड्यात ऑम्लेटचं बिल माझ्याकडे येण्याची शक्यता वाढते. जे पट्टीचे हौशी खेळाडू आहेत त्यांचं हँडिकॅप तर शून्याच्याही पलीकडे, 'प्लस'मध्ये जातं. त्यांना माफी नाहीच, उलट पदरचे फटके द्यावे लागतात. हे मी आईला सांगितलं नाही. तिनं त्याला दंड म्हटलं असतं, आणि ते बरोबरच आहे.

चोवीसवरून बारावर येणं सोपं होतं. नवशिक्याच्या खेळात इतकी भोकं असतात की कुठलंही एक बुजवलं तरी दोन फटके वाचतात. बारावरून आठवर यायला तीन वर्षं लागली. आणि आठाच्या आत आल्यावर गाडी जी थांबली ती थांबलीच. आता खेळात ढळढळीत चूक अशी दिसत नाही. बघणारे "मस्त मारला" म्हणतात. तरी संध्याकाळी आकडा तोच.

हा आकडा निघतो कसा, ते जरा सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथंच आहे. पूर्वी जगात हँडिकॅप काढायच्या सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. 2020 मध्ये त्यांची एकच केली. तुमचे शेवटचे वीस राऊंड घ्यायचे. कोर्स किती अवघड आहे त्याप्रमाणे प्रत्येकाचा एक आकडा काढायचा. त्यांतले सगळ्यांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेले बारा राऊंड, त्यात तुम्ही कितीही दिवे लावलेले असोत, हिशेबात नाहीत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही पद्धत मला फारच दयाळू वाटली. वीसपैकी बारा गुन्हे माफ! मग एकदा रात्री कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की ही दया नाही, मेख आहे. हा आकडा माझा रोजचा खेळ सांगतच नाही. तो सांगतो माझ्या चांगल्या दिवसांचा खेळ. त्या आठांतले साधारण चार त्यांच्या सरासरीहून सरस असणार, म्हणजे माझ्या हँडिकॅपइतकं किंवा त्याहून चांगलं मी वीसांत चारदा खेळतो. पाच शनिवारांतले चार शनिवार मी हरतो, आणि हरतो तो अठरावाल्याकडून नाही, तर पाचव्या शनिवारच्या माझ्याकडून. तो मनुष्य मला अजिबात आवडत नाही. कधीतरीच उगवतो, बढाया मारतो, आणि पुढचा महिनाभर त्याचा हिशेब मी चुकवायचा.

शिवाय आठाची सरासरी म्हणजे एक दशांश उतरायला बेरजेतून 0.8 कमी व्हायला हवं. यादीतला 8.9 चा राऊंड घालवून तिथं 8.1 चा बसवला की झाला एक दशांश. फटक्यांत सांगायचं तर जेमतेम एक. एवढ्यासाठी पाचचा गजर.

तर या एकेका दशांशामागे मी काय काय केलं. नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची काठी, घेतला. त्यानं चेंडू वीस यार्ड लांब जाऊ लागला, म्हणजे झाडीतही वीस यार्ड आत जाऊ लागला. शिकवणी लावली, स्विंग मोडून नव्यानं बांधला, तीन महिन्यांत हँडिकॅप साडेनऊ झालं. मग तो नाद सोडला.

पटिंगवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवरून चेंडू आत ढकलण्यावर, मात्र माझी श्रद्धा होती. दिवाणखान्यातल्या जाजमावर मी शेकडो संध्याकाळी वाटी आडवी ठेवून पट मारलेत. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. जपमाळेचे मणी 108 आणि हेही 108, यात मला काहीतरी संकेत दिसायचा. चेंडू जेमतेम 43 मिलिमीटरचा. म्हणजे तसं पाहिलं तर गाईच्या गोठ्यात मांजर शिरावं इतकी जागा आहे. तरीही आठ फुटांवरून अमेरिकेच्या टूरवरचे, म्हणजे तिथल्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेतले, व्यावसायिकसुद्धा निम्मेच पट घालतात. हे वाचलं त्या दिवशी मला फार शांत झोप लागली. टीव्हीवर आपल्याला दिसतात ते घातलेलेच.

हे वाचलं ते मार्क ब्रॉडी या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकामुळे. मूळ विषय वित्तशास्त्र, पण या गृहस्थानं टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी घेऊन प्रत्येक फटक्याची किंमत काढली. निघालं असं की चांगल्या आणि बऱ्या खेळाडूंतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांत असतो. पट वगैरे सगळं उरलेल्या एक तृतीयांशात. माझ्या जाजमाचा झिजलेला पट्टा त्या दिवशी मला बघवेना.

मग माझीच जुनी कार्डं काढली. त्यांत बर्डी, म्हणजे ठरलेल्याहून एक फटका कमी लागलेले होल, भरपूर होत्या; माझ्यापेक्षा चांगलं हँडिकॅप असलेल्या मित्राहून जास्तच. पण जवळजवळ प्रत्येक कार्डावर दोन डबल बोगी, म्हणजे दोन फटके जास्त लागलेले होल, कधी तीन. आणि त्यांतली प्रत्येक मला लख्ख आठवत होती, कारण ती घडण्याच्या आधीचा फटका शूराचा होता. दोन झाडांच्या फटीतून. पाण्यावरून. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेला चिकटून असलेल्या होलच्या झेंड्याकडे.

माझा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती, हे मला वर्षानुवर्षं सांगत होता, माझ्या कानात शिरत नव्हतं. लहानपणापासून कोर्सवर आहे, बोलतो कमी. चालत असतानाच वाऱ्याकडे बघून पिशवीतल्या लोखंडावर, म्हणजे लोखंडी काठीवर, हात ठेवतो. एकदा म्हणाला, "साहेब, झेंडा नका बघू. झेंडा पाहुण्यांसाठी असतो."

"मग मी काय बघू?"

"हिरवळीचं पोट बघा. मधे टाका, दोन पट मारा, चला पुढं."

ब्रॉडीनं लाखो फटक्यांतून जे काढलं, ते याच्या एका वाक्यात होतं. आपल्याकडे कोर्सवरच्या माणसांनी खेळ असाच, बघून बघून उचललेला आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, तो दिल्लीत कॅडीच होता. गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याला हिरवळ राखायचे. त्यानं 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोनदा ती स्पर्धा नेली. मी पैसे भरून शिकलो, म्हणून मला झेंडा दिसतो.

पण हिरवळीचं पोट बघणं किती कंटाळवाणं आहे, हे कुणी सांगत नाही. अवघड फटका साधला की चौकडी टाळ्या वाजवते, आठवडाभर ती गोष्ट फिरते. झाडीतून मुकाट आडवा चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, काढला तर कोण टाळी वाजवणार? "शहाणा झालास," एवढंच म्हणतात, आणि पुण्यात ते काही कौतुक नव्हे. बारापर्यंत यायला मी नवं काहीतरी शिकत गेलो. सातावरून खाली यायचं तर मला जे येतं, आवडतं, ज्याच्यासाठी मुळात या खेळात पडलो, तेच पिशवीत ठेवायचं. निवृत्त गवयाला फक्त षड्ज लावून बसायला सांगावं तसं आहे हे.

आणखी एक गोष्ट कबूल करून टाकतो. आमच्या चौकडीत दोन-तीन फुटांचा पट कुणी घालायला लावत नाही. "उचल, उचल," म्हणतात. तो घातलाच असता, असं धरून कार्डावर आकडा पडतो. या 'उचल'मध्ये माझं निदान अर्धं हँडिकॅप दडलेलं आहे. क्लबची स्पर्धा असली, प्रत्येक पट खाली घालायचा असला, की तेच अडीच फूट कात्रज घाटाएवढे वाटतात. अमेरिकेचा नामवंत हौशी खेळाडू बॉबी जोन्स, त्यानं 1925 च्या यूएस ओपनमध्ये गवतातला आपला चेंडू किंचित हलला म्हणून स्वतःवर एक फटका लावून घेतला. दुसऱ्या कुणी ते पाहिलंही नव्हतं. मग बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो एका फटक्यानं हरला. त्यालाही लोक 'उचल' म्हणालेच असते. असो.

माझ्या यादीतला सर्वांत चांगला राऊंड जुलैतला. आकडा 3.1. त्या दिवशी पाऊस असा होता की चौकडीतले दोघे घरूनच 'जमणार नाही' म्हणाले. उरलो मी, एक मित्र आणि दोन कॅडी. पावसाळी नियमात चिखलातला चेंडू उचलून, पुसून ठेवता येतो, पण तो पडला की जागीच रुतायचा, एक यार्डही घरंगळायचा नाही. हातमोजा ओला, पकड निसरडी. झाडांच्या फटीतून मारायचा विचारही शक्य नव्हता. पुढच्या होलला बहुतेक परतावं लागेल, असं म्हणत आम्ही एकेक होल खेळत होतो. टिटव्या ओरडत होत्या, लोहगावहून उडालेलं एक सुखोई ढगात दिसलं नाही, नुसतं छातीत वाजलं. कॅडी छत्री धरून म्हणायचा, "मधे." मी मधे टाकायचो. मऊ हिरवळीत चेंडू गपकन बसायचा. अठराव्यानंतर चहा पिताना मित्रानं ओलं कार्ड मांडीवर पसरून बेरीज केली, पुन्हा केली, आणि म्हणाला, "अरे, पंच्याहत्तर." एकही डबल नव्हती. मला त्या राऊंडमधला एकही फटका आठवत नाही.

आता डिसेंबर. यादीत वीसच जागा असतात, आणि तो जुलै सरकत सरकत विसाव्या जागेवर आला होता. पुढचं कार्ड टाकलं की तो खाली पडणार. त्याच्या जागी नववा राऊंड आठांत शिरणार, तो 9.3 चा. म्हणजे बेरजेत 6.2 ची भर. चांगला खेळलो नाही तर एका सकाळीत मी 7.4 वरून 8.2 वर जाणार. काही वाईट न करता. नुसता एक पाऊस जुना झाला म्हणून.

मित्र म्हणाला, "आज नुसतं खेळ. कार्ड नको टाकूस."

कार्ड टाकायचं की नाही ते खेळायच्या आधी ठरवायचं असतं, खेळून झाल्यावर नाही. मी म्हटलं, टाकणार.

थंडी होती, हिरवळीवर दव होतं आणि चेंडूमागे काळी रेघ उमटत होती. नऊ होलपर्यंत मी ठरलेल्याहून दोनच फटके वर. पोट, पोट, पोट. मग चौदाव्याला झेंडा उजव्या बंकरच्या मागं, अगदी कडेला. दीडशे यार्ड, वारा पाठीशी, हातात माझं लाडकं आठ नंबरचं लोखंड. कॅडीनं काही म्हटलं नाही, फक्त हिरवळीच्या मधोमध बघत राहिला. मीही बघितलं, पण झेंड्याकडे.

चेंडू हवेत असताना फार सुंदर दिसला. मग बंकरच्या ओठाखाली पुरला गेला. सात लागले त्या होलला, आणि पुढच्या होलला त्या सातांची भरपाई करायला गेलो म्हणून सहा. शेवटी 83.

संध्याकाळी फोन उघडला. वीसात जुलै नव्हता. 8.2.

आई पानं घेत होती. "आता माफी किती?"

"नऊ."

"वाढली?"

"वाढली."

तिनं माझ्या वाटीत मटारची उसळ वाढली, वर लिंबाची फोड ठेवली. "वाढायलाच हवी होती," म्हणाली. "इतक्या थंडीत पाचला उठतोस."