खांब सरळ करता येईल?

फोटो पाठवून अर्धा तास झाला नाही तोच हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. "सर, फोटो झकास आलेत. फक्त तो डावीकडचा खांब जरा सरळ करता येईल?"

येईल की. लग्नाच्या अल्बममध्ये मी नवरदेवांच्या ढेऱ्या आत घातल्यात, खांबाचं काय घेऊन बसलात! कॉम्प्युटर उघडला, खांबाच्या कडेवर रेघ धरली, खांब ताठ. पण शेजारची रिसेप्शनची काच आता झुकली होती. काच सरळ केली, तर खांब पुन्हा कलला. रात्री साडेअकरापर्यंत मी या दोघांचं भांडण मिटवत होतो.

हॉटेल म्हणजे जुन्या नाशकातला एक वाडा, गंगेपासून दोन गल्ल्या वर. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बाहेरच्यांचा गोंधळ होतो, होऊ दे.) एरवी मी गंगापूर रोडकडची हॉटेलं करतो. तिथे खोली चौकोनी, चादर पांढरी, भिंती गवंड्याच्या ओळंब्याला प्रामाणिक. वाइड लेन्स लावायची, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरायचा, दोन तासांत काम उरकून मिसळ खायला मोकळं.

कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा आत झुकतात आणि खोली तंबूसारखी दिसते, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. म्हणून मी २४ मिलिमीटरची शिफ्ट लेन्स भाड्याने आणली होती. तिच्यात कॅमेरा समपातळीत ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. छत फ्रेममध्ये येतं आणि रेषा उभ्याच राहतात. म्हणजे दोष लेन्सचा नव्हता, माझाही नव्हता. खांबच तिरका होता! वाड्याचा भार लाकडी सांगाडा पेलतो, भिंती नुसत्या मधल्या जागा भरतात. तुळई दबते, सांधे सैलावतात, खांबाखालचा दगडी तळखडा एका बाजूला बसतो, आणि सगळा सांगाडा मिळून जरासा रेलतो. त्यात गंगा जवळ. १९६९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे इथला कुठलाही म्हातारा छातीला हात लावून सांगेल. एवढं सोसल्यावर खांबाने अंगठे जुळवून सावधान उभं राहावं, ही अपेक्षाच जास्तीची. काच मात्र परवाची, फॅक्टरीतून काटकोनात आलेली.

उजेडाचंही तेच. चौकातून येणारा सकाळचा उजेड निळसर, साडेसहा हजार केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). आतल्या कडीपाटाखाली लपवलेल्या एलईडी पट्ट्या पिवळ्या, तीन हजारांच्या. एकाच फोटोत दोन्ही घेतले, तर गिलावा आजारी आणि लाकूड शेंदूर फासल्यासारखं. शेवटी ट्रायपॉड न हलवता एक फोटो दिवे लावून, एक विझवून घेतला आणि नंतर दोन्ही एकमेकांवर बसवले. तुम्हाला दिसतो तो क्षण वाड्यात कधी घडलेलाच नाही.

खरं सांगायचं, तर मी नाकं मुरडायच्या तयारीनेच गेलो होतो. जात्याच्या तळीवर काच टाकून केलेला टीपॉय पाहून मुरडलंही. धान्य मोजायच्या पायलीत वायफायच्या पासवर्डची कार्डं ठेवलेली, त्यावर तर बोलायलाच नको. पण घंगाळाचं बेसिन मला मनापासून आवडलं. घंगाळाला हात धुवायला लावणं म्हणजे त्याची बढती नाही आणि अपमानही नाही. तांबटाने मठारलेलं तांबं, बोटाच्या पेराएवढे ठोके ओळीने. जवळ गेलो, तर प्रत्येक ठोक्यात एक इवलीशी खिडकी, आणि प्रत्येक खिडकीपुढे एक इवलासा मी, ट्रायपॉडसकट! पोऱ्याला काळं कापड धरायला लावलं, तेव्हा कुठे मी त्यातून नाहीसा झालो. त्या एका फोटोला पाऊण तास लागला. सगळ्या कामातला तोच बरा आलाय.

खांबाचं मी मॅनेजरला समजावलं. "सरळ केला तर काच तिरकी दिसेल," म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "मग राहू द्या, काच इंपोर्टेड आहे."

"पण सर, माजघरातल्या फोटोत वर ते दोन हुक दिसतात, ते उडवा."

माजघर म्हणजे आताचं लाउंज. वर तुळईला झोपाळ्याच्या चार कड्या आहेत. इंटिरियरवाल्याने त्यातल्या दोनांना काचेचे दिवे टांगलेत, दोन रिकाम्या. शूटच्या दिवशी मी शिडीवर चढून पाहिल्या होत्या. जिथे साखळीचा आकडा घासायचा, तिथे आतल्या बाजूने लोखंड झिजून निम्मं उरलंय आणि गुळगुळीत झालंय, नखालासुद्धा लागत नाही. किती दुपारी लागल्या असतील एवढं झिजायला, किती जणांची वामकुक्षी. हे उडवायचं? मला ते काम पाच सेकंदांचं.

मी थाप मारली. "अहो, तिथे अजून दोन दिवे लावायचे राहिलेत ना? आत्ता उडवले, तर नंतर फोटो जुळणार नाहीत."

"हो का? विचारतो," म्हणाला.

विचारलं असणार. कारण गेल्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. चारही कड्यांना दिवे लागलेत, माजघराचे फोटो परत काढायचेत.