मामाची ज्युनो आणि वहीतल्या रेघा

बेळगावच्या शहापुरात मामाच्या माळ्यावर गणपतीच्या आराशीचं सामान असतं. त्याच्यामागं जुन्या चादरीत गुंडाळलेली एक रोलंड ज्युनो-१०६, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, भिंतीला टेकवून उभी ठेवलेली होती. मागच्या श्रावणात छत गळायला लागलं, माळा रिकामा करावा लागला आणि ती खाली आली. मामा म्हणाला, "मोडीत घाल ते. दहा वर्षं झाली, आवाज नाही त्याला." मामी आतून म्हणाली, "अठरा." तारखेच्या बाबतीत मामी चुकत नाही.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करते. डिप्लोमा केल्यापासून हेच काम. त्यामुळं बंद पडलेली वस्तू बघितली की हात शिवशिवतात, पण या वस्तूचं कारण वेगळं होतं. तिचा आवाज मी लहानपणी पडद्यामागं बसून ऐकला होता.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. वैशाखातली ती रात्र, गल्लोगल्लीच्या मंडळांचे ट्रॅक्टर, ट्रॉलीवर बांधलेले गड आणि त्यावर अंगरखे घालून उभी असलेली आपलीच ओळखीची पोरं. निवेदन माईकवरून व्हायचं आणि मागचे आवाज मामा काढायचा. ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात काळा पडदा, पडद्यामागं लोखंडी स्टँडवर ज्युनो, आणि बॅटरी धरायला मी. पावनखिंडीच्या देखाव्याला खिंडीतला वारा लागायचा. मामा एक सरकपट्टी वर ढकलायचा, दुसरी हळूहळू उघडायचा, आणि भोंग्यातून असा वारा यायचा की पुढं बसलेल्या बायका पदर सावरून घ्यायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय. सात वर्षांच्या पोरीला त्या रात्री कळलं की वारा तयार करता येतो.

ज्युनो-१०६ ही १९८४ ची. वाजवायच्या एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सहा सूर, आणि एकशे अठ्ठावीस आवाज लक्षात ठेवायची सोय. पण तिचं खरं वैभव वरच्या पत्र्यावर आहे. आवाज ज्या ज्या गोष्टींनी बनतो त्या प्रत्येकीला स्वतःची सरकपट्टी आहे, आणि त्या डावीकडून उजवीकडं आवाज जसा वाहतो त्याच क्रमानं मांडल्यात. आधी मूळ लहर, मग तिच्यातला काही भाग गाळणारा फिल्टर, मग आवाजाची चढउतार, शेवटी आवाज दाट करणारा कोरस. नुसतं बघून कळतं की आत काय चाललंय. तिच्या आदल्याच वर्षी यामाहाची डीएक्स-७ आली होती. स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीनं दुसरी हलवून, ती चालते, तिच्यातली घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो अजून कुणाला जमलेला नाही. पण तिच्यात सगळं बटणांच्या मागं दडलेलं. मामानं कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात ती दोन सीझन वाजवली आणि सोडली. "हाताला काय लागतच नाही तिच्यात," म्हणायचा. मला हे पटतं. आवाज घडवताना बोटाखाली काहीतरी सरकलं पाहिजे.

दुरुस्तीचं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं कुणाच्या घरी हे यंत्र पडून असेल तर उपयोगी पडेल.

मामाची ज्युनो जपानच्या बाजारातली, शंभर व्होल्टची. मुंबईहून सेकंडहँड आणलेली. तिच्यासाठी त्यानं इथंच ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला होता, तो अजून ठणठणीत निघाला. थेट दोनशे तीस व्होल्टला लावायची चूक करू नका. चालू केली, दिवे लागले, पट्ट्या दाबल्या तर काही सूर बोलले, काही नाही. हिच्यात एक छान सोय आहे. 'की ट्रान्स्पोज'चं बटण दाबून धरून चालू केली की ती तपासणीच्या अवस्थेत जाते, आणि पट्टी दाबली की एकेक सूर काढणाऱ्या सहा आवाजांपैकी कितवा वाजतोय तो आकडा वर दिसतो. आमचा तिसरा मुका होता, पाचवा चरचरत होता, आणि दुसरा बोट उचललं तरी मागं रेंगाळत राहायचा.

या यंत्राचं हे जगजाहीर दुखणं आहे. प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि त्याचं लहानमोठं होणं एका छोट्या मॉड्यूलमध्ये बसवलंय. नंबर ८००१७ए, असे सहा. रोलंडनं त्यांच्यावर काळ्या इपॉक्सीचा थर दिला होता. वर्षं उलटली की तोच थर थोडीथोडी वीज वाहून न्यायला लागतो आणि नको तिथून नको तिकडं करंट झिरपतो. आमच्याकडं चार महिने भिंतीला ओल असते, त्यात ही माळ्यावर. म्हणजे राखणीला जे लावलं त्यानंच घात केला.

उपाय असा की सहाही मॉड्यूल बोर्डवरून काढायची आणि ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायची. सोल्डर ओढायला सकर आणि तांब्याची जाळी दोन्ही घ्या. घाई केली तर बोर्डावरची तांब्याची रेघ उपटून येते, ती जोडत बसणं फार वाईट. मी काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून, गच्चीवर सावलीत, दोन दिवस ठेवली. घरात नको, वास डोक्यात जातो आणि ठिणगीची भीती असते. तिसऱ्या दिवशी काळा थर ओल्या सालीसारखा सुटला. खाली पांढऱ्या सिरॅमिकवर मोहरीएवढे भाग. मऊ ब्रशनं साफ केले, वाळवले, बोर्डावर सॉकेट बसवून परत लावले. सहापैकी पाच उठून बसली. तिसऱ्याला शेवटपर्यंत जीव आला नाही, त्याच्या जागी परदेशात नव्यानं बनवलेलं मॉड्यूल मागवलं. पैसे गेले, मन लागलं नाही पैशाला.

आतली बटनसेल केव्हाच संपली होती, त्यामुळं एकशे अठ्ठावीस आवाजांच्या जागी नुसता कचरा. मामानं एकेकाळी ते सगळे आवाज कॅसेटवर उतरवून ठेवले होते. त्या काळी ही यंत्रं आपली माहिती कर्कश किरकिरीच्या रूपानं साध्या टेपवर भरायची आणि परत ऐकून उचलायची. कॅसेट सापडली. लावली तर आधी दोन-तीन सेकंद किरकिर, मग हरिपाठ. मामीनं कधीतरी त्यावर भरलेला. मामी काही बोलली नाही, उठून आत गेली आणि लोखंडी ट्रंकेतून एक शंभर पानी वही घेऊन आली.

त्या वहीसाठी मी हे सगळं लिहायला बसले.

प्रत्येक पानावर एक आवाज. यंत्रावर जितक्या सरकपट्ट्या तितक्या उभ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर पट्टी कुठं ठेवायची ती छोटी आडवी खूण. खाली पेन्सिलीनं कशासाठी ते. 'सनई, वरातीपुढं.' 'घोडे, लांबून.' 'बासरी, कडव्याआधी.' निम्मी नावं कानडी, देवनागरीत लिहिलेली. मामा लग्नसराईत इकडच्या ऑर्केस्ट्रात असायचा आणि जत्रांच्या दिवसांत गोकाक-हुक्केरीकडच्या नाटकवाल्यांबरोबर. म्हणून वहीत 'पाऊस' आहे आणि 'मळे' पण आहे. 'बासरी' आहे, 'कोळलु' आहे. मला वाटलं एकाच आवाजाची दोन नावं असतील. रेघा जुळवून बघितल्या तर तसं नाही. 'वारा'च्या पानावर नॉइजची, म्हणजे नुसत्या खरखरीची, पट्टी अगदी वर आणि फिल्टर मध्यावर. कानडी 'गाळी'च्या, म्हणजे वाऱ्याच्याच, पानावर नॉइज कमी, पण रेझोनन्स वर चढवलेला, त्यामुळं तो वारा शीळ घालतो. मामाला विचारलं. म्हणाला, "खिंडीतला वारा मावळातला. नाटकात रात्रीचा माळावरचा लागायचा, एकट्या माणसाच्या मागचा. दोन्ही एक कसे असतील?"

सीमेबद्दल आमच्या गावात पुष्कळ बोललं जातं. ही वही त्या बोलणाऱ्यांपैकी कुणी बघितलेली नाही.

मामा मुळात पेटीवाला. पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात वाढलेला माणूस, इथं पेटीला साथीचं वाद्य म्हणून कमी लेखलेलं चालत नाही. पण पेटीला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, सूर दोन पट्ट्यांच्या मधे थांबत नाही, हे दुखणं प्रत्येक पेटीवाल्याच्या मनात असतंच. त्याच कारणानं आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती तीसेक वर्षं टिकली. मामाला ज्युनोत काय मिळालं ते वहीच्या शेवटच्या पानांवर आहे. पॉली-१ आणि पॉली-२ ही दोन्ही बटणं एकदम दाबली की सहाही आवाज एकाच सुरावर येतात. त्यावर पोर्टामेंटो थोडासा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो घसरत जातो. आणि डाव्या हाताची, सूर वरखाली ओढणारी बेंडरची दांडी, तिचा पल्ला ठरवणारी पट्टी अगदी थोडी वर. पानावर लिहिलंय, 'दरबारी, ग.' दरबारीचा कोमल गंधार झुलता लागतो, तो पेटीवर येत नाही. मामा तो अंगठ्यानं झुलवायचा. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात हे कुणी मागितलेलं नव्हतं, गाण्यांच्या मधे साउंडवाला माईक बदलत असताना तो स्वतःसाठी वाजवून घ्यायचा.

मी त्याला चरणजित सिंग यांची रेकॉर्ड ऐकवली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस १९८२ साली मुंबईत रोलंडची तीन यंत्रं घेऊन बसला, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेका देणारं टीआर-८०८ आणि खर्जाचे सूर काढणारं टीबी-३०३, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारशी घेतली नाही ती. पुढं शिकागोत त्याच ३०३ च्या घसरत्या आवाजावर ॲसिड हाउस नावाचं संगीत उभं राहिलं, आणि २०१० मध्ये ही रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभरचे लोक तारीख बघून थक्क झाले. मला त्यात थक्क होण्यासारखं वाटत नाही. ज्याच्या कानात मींड आहे त्याच्या हातात सूर घसरवणारं यंत्र दिलं तर तो दुसरं काय करणार? मामानं डोळे मिटून दोन राग पूर्ण ऐकले. "पेटीवाल्यासारखा विचार नाही करत हा," म्हणाला, "सतारवाल्यासारखा करतोय."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी टिळकवाडीत आमच्या माडीवर असली यंत्रं घेऊन आम्ही पाच-सहाजण जमतो. निपाणीचा एक मुलगा कॅसिओ एसके-१ घेऊन येतो. ऐंशीच्या दशकातलं ते खेळण्यातलं यंत्र, पण त्यात छोटा माईक आहे आणि जेमतेम दीड सेकंदाचा आवाज भरून तो पट्ट्यांवर वाजवता येतो. तो आजीच्या जात्याची घरघर भरतो. धारवाडहून पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर येतात, त्यांनी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ४०१०६ ची एक चिप बसवून सहा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, केलीत. एका चिपमध्ये सहा गेट असतात, प्रत्येकाला एक रोध आणि एक कपॅसिटर जोडला की तो गुणगुणायला लागतो. सर मराठी समजतात, बोलतात कानडीत. आम्ही उलट. भांडण होतं ते या यंत्रांच्या संगणकावरच्या नकलांवरून. माझं मत, त्या नकला आवाजात फार जवळ गेल्यात आणि ज्याला यंत्र परवडत नाही त्यानं खुशाल वापराव्यात. सगळ्यांना हे मान्य नाही.

बेंगळुरूच्या एकानं ज्युनोला चांगली किंमत सांगितली. त्याला वही नको होती. मग मीही नको म्हटलं.

परवाच्या रविवारी मामा पहिल्यांदा माडीवर आला. मी आधीच वही उघडून 'वारा'च्या पानावरच्या सगळ्या पट्ट्या फूटपट्टीनं मोजून लावून ठेवल्या होत्या. पट्टी दाबली. वारा आला, माझ्या लहानपणीचाच, पोरं गप्प झाली. मामा मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेला.

"काय करालीस गं? हे कुठलं लावलंस?"

"तुझ्या वहीतलं, मामा."

"अगं, ते मैदानासाठी. चार भोंगे, मागं जनरेटर, पुढं पाच हजार माणूस. त्याच्यावर चढायला पाहिजे म्हणून इतकं उघडलंय. इथं खोलीत कशाला एवढं वारं?"

तो उठला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि वहीकडं न बघता फिल्टरची पट्टी खाली घेतली. नॉइज निम्मा केला. कोरसचं बटण बंद केलं. वारा खिडकीबाहेर गेला. मग त्यानं सरांकडून पेन मागून घेतलं, वहीतलं मागचं कोरं पान काढलं आणि रेघा ओढायला लागला. अक्षर थोडं हलतं आता. वर लिहिलं, 'वारा, माडीवरचा.' सरांनी वाकून वाचलं आणि कानडीत विचारलं, गाळीचं पण एक पान करणार का? मामा म्हणाला, "माडाक बेकल्ल," म्हणजे करायलाच पाहिजे की, आणि पान उलटलं.