सुवर्णमंदिराच्या पुढचा पंजाब

अमृतसरला गेलेली मराठी मंडळी हरमंदिर साहिब, जालियनवाला बाग, वाघा आणि अमृतसरी कुलचा उरकून परत फिरतात. शीख परंपरा घडली कशी हे बघायचं असेल तर मात्र गाडी ठरवून तरनतारनमार्गे गोइंदवाल आणि सुलतानपूर लोधी गाठा. लवकर निघालात तर दोन्ही एका दिवसात होतात.

आम्ही नांदेडहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने गेलो. वाटेत प्रवाशांना मोफत लंगर वाढतात, त्यासाठी ताट-वाटी आपली जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. फेब्रुवारी-मार्च बरा.

गोइंदवालला तिसरे गुरू अमरदास यांनी बांधलेली बावडी आहे. 84 पायऱ्या. श्रद्धाळू प्रत्येक पायरीवर जपजी साहिब या शीख प्रार्थनेचा पाठ करतात आणि दर पाठानंतर स्नान. एक पाठ शांतपणे म्हणायला वीसेक मिनिटं लागतात, गणित तुम्हीच करा. पायऱ्या कायम ओल्या. गुडघेदुखीवाल्यांनी कठडा सोडू नये. आधी पंगत, मग संगत हा नियम इथलाच. गुरूंना भेटायचं तर आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवायचं. बादशहा अकबरही असाच पंगतीला बसला असं सांगतात. लंगरमध्ये रोटी दोन्ही हात पुढे करून घ्या. ताटात मात्र काही टाकू नका.

सुलतानपूर लोधीत नानकांचं नोकरीतलं आयुष्य भेटतं. तिथल्या सुभेदार दौलत खान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, ते धान्य मोजून देत. हट साहिब गुरुद्वाऱ्यात ती दगडी वजनं ठेवली आहेत. गुळगुळीत, ओबडधोबड आकाराची, आपल्याकडच्या जुन्या वाण्याकडे असावीत तशी. मला तरी संगमरवरी घुमटांपेक्षा तीच जास्त बोलकी वाटली. जवळच काळी बेईं नदी. तिच्यात स्नानाला उतरलेले नानक तीन दिवसांनी वर आले आणि ‘ना कोई हिंदू, ना मुसलमान’ म्हणाले, अशी जन्मसाखी, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांची, परंपरा. त्यांच्या सोबतीला रबाब वाजवणारा मर्दाना मुसलमान होता. पुढे ही नदी गटार झाली होती. 2000 पासून संत सीचेवाल आणि कारसेवकांनी, म्हणजे श्रमदान करणाऱ्या भाविकांनी, ती उपसून साफ केली.

सूफींशी नातं सांगताना गाइड हमखास लाहोरच्या मियाँ मीर यांनी हरमंदिरचा पाया घातल्याची गोष्ट काढतात. श्रद्धा दृढ आहे, इतिहासकारांत एकमत नाही. त्यापेक्षा भक्कम पुरावा ग्रंथातच आहे. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात चिश्ती सूफी बाबा फरीद यांचे 112 श्लोक आहेत. निजामुद्दीन औलियांचे हे गुरू, तेराव्या शतकातले. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं. त्यांच्यासाठी बटाल्याहून घुमानची वाकडी वाट करावी. 2015 चं साहित्य संमेलन झालं ते हेच गाव.

फरीदांची कबर पाकपट्टणला, म्हणजे पाकिस्तानात. आपल्याला फरीदकोट. राजाने फरीदांना किल्ल्याच्या कामावर वेठीला धरलं, तर मातीची टोपली डोक्यावर न टेकता अधांतरी राहिली, ही इथली दंतकथा. टिल्ला बाबा फरीद या त्यांच्या स्मृतिस्थळी एक लाकूड जपून ठेवलंय. चिखलाचे हात त्यांनी त्याला पुसले म्हणे. कोरडी भाकर खा, गार पाणी पी, दुसऱ्याच्या तूप लावलेल्या भाकरीकडे पाहून झुरू नकोस, हा फरीदांचा श्लोक इथे शेजारी बसलेल्या आजोबांनी न विचारता म्हणून दाखवला.

सगळीकडे डोकं रुमालाने झाका (टोपी नको), मोजे काढा, पाय धुवा. तंबाखूची पुडी खिशातसुद्धा नको, गाडीतच ठेवा. पाकिस्तानातल्या करतारपूर गुरुद्वाऱ्याला जाणारा करतारपूर कॉरिडॉर सुरू आहे की बंद, हे निघण्यापूर्वी तपासा. फरीदकोट अमृतसरहून अडीच-तीन तास, त्यामुळे तिथे मुक्काम केलेला बरा. टिल्ल्यावर गुरुवारी गर्दी असते, आणि सप्टेंबरात 19 ते 23 मेळा असतो. त्या दिवसांत जाणार असाल तर खोली आधीच बघून ठेवा.