सरकारचा पैसा, मग शोध कुणाचा?

अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीत मी सेन्सरवर काम करते. आमचं बरंचसं संशोधन इथल्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालतं. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मामा फोनवर विचारतो, नव्यानं एमएस करायला आलेली मुलं विचारतात: “सरकारनं पैसे दिले म्हणजे शोध सरकारचाच ना? मग तुमच्या हातात काय उरतं?” तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून लिहिते आहे.

शोध आमच्याकडेच राहतो. पैसे फेडायचे नसतात आणि सरकार कंपनीत हिस्साही घेत नाही. हे ऐकून लोकांना वाटतं, यात काहीतरी गोम असणार. गोम आहे, पण ती मालकीत नाही.

ज्या योजनेतून हे पैसे येतात तिला सगळे एसबीआयआर म्हणतात, म्हणजे स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च. संशोधनाला पैसे देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेतल्या रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये ती लहान प्रमाणात सुरू केली आणि १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीनं तिचा कायदा झाला. बाहेरून संशोधन करून घेण्यावर वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातला ठराविक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. २०१७ पासून हा वाटा ३.२ टक्के आहे. योजनेतला जवळपास निम्मा पैसा एकट्या संरक्षण खात्याचा असतो. छोटी कंपनी म्हणजे ५०० पर्यंत कर्मचारी असलेली.

खातं आपल्या अडचणी जाहीर करतं. अशा एका अडचणीला ‘टॉपिक’ म्हणतात. समजा, हेलिकॉप्टर वाळवंटात उतरतंय. पंख्याच्या झोतानं धूळ उठते आणि जमीन अगदी जवळ आल्यावर वैमानिकाला काहीच दिसेनासं होतं. इराक आणि अफगाणिस्तानात अशानं हेलिकॉप्टरं गेली, माणसं गेली. या धुळीतून पाहू शकणारा सेन्सर हवा, हा झाला टॉपिक. काम तीन टप्प्यांत, म्हणजे फेजमध्ये, चालतं. टॉपिकमध्ये असतं उद्दिष्ट, वर्णन, फेज वनमध्ये काय सिद्ध करायचं, फेज टूमध्ये काय बनवायचं, फेज थ्रीमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या टप्प्यात, लष्करात आणि बाहेरच्या बाजारात त्याचा उपयोग काय, आणि शेवटी संदर्भ. मी टॉपिक नेहमी खालून वर वाचते. संदर्भात कुणाचे पेपर दिले आहेत, यावरून लिहिणाऱ्याच्या मनात कुठला मार्ग घोळतोय ते कळतं. फेज थ्रीचा परिच्छेद मोघम असला, तर हे उपकरण शेवटी घेणार कोण याचा विचारच झालेला नाही, हेही कळतं.

फेज वनमध्ये कल्पना शक्य कोटीतली आहे का एवढंच पाहायचं, सहा महिने ते वर्षभरात. फेज टूमध्ये, साधारण दोन वर्षांत, चालणारा नमुना करायचा. २०११ च्या कायद्यात फेज वनसाठी दीड लाख आणि फेज टूसाठी १० लाख डॉलर अशी रक्कम धरली होती. महागाईप्रमाणे ती वाढत गेली आहे. मोठ्या कंपनीला हा पैसा किरकोळ वाटेल. आमच्याकडे तेवढ्यात दोन-तीन इंजिनिअर एका न सुटलेल्या प्रश्नामागे हात धुऊन लागू शकतात. जे कदाचित जमणारच नाही अशा कामाला बँक दारात उभं करत नाही. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचे सहसंस्थापक अर्विन जेकब्स यांनी २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की, सुरुवातीच्या काळात या योजनेचा त्यांना मोठा आधार झाला.

आता मालकीचं. १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट छोटी कंपनी स्वतःकडे ठेवू शकते. सरकारला तो शोध स्वतःच्या कामासाठी विनामोबदला वापरायचा परवाना मिळतो. शोध लागल्याचं खात्याला मुदतीत कळवायचं आणि पेटंटच्या अर्जात ‘हे काम सरकारी मदतीनं झालं’ असं वाक्य कॉन्ट्रॅक्ट नंबरसकट घालायचं. हे चुकलं तर हक्क गमावण्याची पाळी येऊ शकते.

पण आमच्या धंद्यातला खरा ऐवज पेटंटमध्ये लिहिलेला नसतोच. तो असतो ड्रॉइंगमध्ये, सोर्स कोडमध्ये, कुठल्या तापमानाला काय बिघडलं त्याच्या नोंदींमध्ये. यासाठी एसबीआयआरचे डेटा राइट्स असतात. सरकार ही माहिती स्वतः वापरू शकतं, पण मोजके अपवाद सोडले तर ती बाहेर देऊ शकत नाही. आमच्या स्पर्धकाला देऊन ‘तू स्वस्तात करून दे’ असं म्हणू शकत नाही. पूर्वी संरक्षण खात्याच्या कामात हे संरक्षण काम संपल्यावर ५ वर्षं टिकायचं. २०१९ मध्ये योजनेचे नियम बदलले आणि मुदत कॉन्ट्रॅक्ट मिळाल्यापासून २० वर्षांची झाली.

मात्र त्यासाठी खात्याला जाणाऱ्या प्रत्येक अहवालावर, ड्रॉइंगवर, कोडच्या फाइलवर ठरलेल्या शब्दांतली सूचना छापावी लागते: कॉन्ट्रॅक्ट नंबर, कंपनीचं नाव आणि पत्ता, संरक्षण संपण्याची तारीख. त्यातले शब्द आपल्या मनानं बदलायचे नाहीत. सूचना न छापता ड्रॉइंग गेलं, तर त्यावर कसलंच बंधन नाही असं धरलं जातं. पुढे काही महिन्यांत ती घालून घेता येते, पण तोवर ते ड्रॉइंग कुणाकुणाच्या हातात गेलं याला इलाज नाही. म्हणून नवा इंजिनिअर आला की उपकरणांना हात लावू देण्याआधी मी त्याला ही सूचना दाखवते. मालकी टिकते ती या चार ओळींमुळे.

आणि गोम? फेज थ्रीसाठी एसबीआयआरचा पैसा नसतो. कायद्यानं सवलत मोठी दिली आहे: आधीच्या टप्प्यांतूनच पुढे आलेलं काम असेल तर खातं नव्यानं स्पर्धा न घेता थेट त्या कंपनीला कॉन्ट्रॅक्ट देऊ शकतं, आणि त्याला रकमेची मर्यादा नाही. पण पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी अंदाजपत्रकातून यावा लागतो, आणि पेंटॅगॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, अंदाजपत्रक दोनेक वर्षं आधीपासून आखलं जातं. नमुना आज चालला, वैमानिकांनी वापरून पाहिला, त्यांना पसंत पडला, तरी तो विकत घ्यायची तरतूद यायला दोन वर्षं लागणार असतील तर तोवर पगार कुठून द्यायचे? चांगलं काम केलेल्या कंपन्या मी इथे बंद पडताना पाहिल्या आहेत, आणि दर वेळी मला तितकाच संताप येतो. काही कंपन्या मग पुढे जायचा नाद सोडतात आणि फेज वनमागून फेज वन घेत राहतात. त्यांच्यावर टीका होते, ती रास्तही आहे. पण नमुन्यापर्यंत पैसे द्यायचे आणि खरेदीच्या दारात सोडून द्यायचं, ही रचना त्या कंपन्यांनी केलेली नाही. कधी तर योजनाच अडते: ३० सप्टेंबर २०२५ ला कायद्याची मुदत वाढ न मिळता संपली आणि नव्या कॉन्ट्रॅक्टांना खीळ बसली.

एमएसच्या मुलांचा एक जोडप्रश्न असतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना हे काम करता येतं का? साधारणपणे कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डधारकांची असावी लागते. कर्मचाऱ्यांवर तशी सरसकट अट नाही. पण टॉपिकला आयटार, म्हणजे लष्करी तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे नियम, लागू असतील तर परदेशी नागरिकाला ड्रॉइंग दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. टॉपिकमध्ये तसं लिहिलेलं असतं. मुलाखतीला जाण्याआधी ते वाचून जा.

आणि ज्यांना स्वतःची कंपनी काढायची आहे त्यांच्यासाठी. टॉपिक जाहीर झाल्यावर प्रपोजल घ्यायला सुरुवात होण्याआधी थोडे दिवस मिळतात. तेवढ्या काळात टॉपिक लिहिणाऱ्याशी थेट फोनवर बोलता येतं; नंतरचे प्रश्न लेखी आणि सगळ्यांना दिसतील असे. तंत्राबद्दल त्याला सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, फेज टू जमलं तर हे कुठल्या कार्यक्रमाच्या पैशातून विकत घेतलं जाईल, आणि तिथल्या कुणाशी तुमचं बोलणं झालंय का? त्यानं नाव सांगितलं तर रात्री जागून प्रपोजल लिहा. सांगता आलं नाही, तर टॉपिक कितीही मनात भरला असला तरी पुढच्या यादीसाठी थांबा.