पेज टेबलची नक्कल, टप्पा तिसरा: लीफ टेबल सामाईक ठेवणं

आधार मागच्या टप्प्यांचाच: एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची आवृत्ती, क्यूएमू या एम्युलेटरवर १२८ एमबी रॅम, एसव्ही३९ म्हणजे तीन पातळ्यांचं पेज टेबल (प्रोसेसच्या पत्त्यांवरून रॅममधली पानं शोधायचा तक्ता; सगळ्यात वरची पातळी ती रूट, सगळ्यात खालची ती लीफ). सांगली-मिरजेच्या रविवारच्या बैठकीला येणाऱ्यांच्या पेनड्राइव्हवर मागचा पॅच आहेच, त्यामुळे कॉपी-ऑन-राइटची (फोर्कला, म्हणजे पालक प्रोसेसमधून मूल प्रोसेस काढताना, पानं दोघांत वाटायची आणि कुणी लिहिलं तरच कॉपी करायची) ओळख पुन्हा करून देत नाही. थोडक्यात, हरिपूरच्या पेवातली हळद, म्हणजे डेटा, जागेवरच ठेवून तिच्या चिठ्ठ्या, म्हणजे पेज टेबलच्या एंट्र्या, दोन करायच्या. या टप्प्यात प्रश्न चिठ्ठ्यांचाच आहे, कारण प्रोसेस मोठी झाली की चिठ्ठ्या लिहिणंच महाग पडतं.

सगळी मापं ६४ एमबी हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) असलेल्या चाचणी प्रोसेसवर घेतली. ४ केबीच्या हिशेबानं ती १६,३८४ पानं होतात. एक लीफ टेबल ५१२ एंट्र्यांचं, म्हणजे २ एमबी मेमरी सांभाळणारं. भागाकारानं ३२ टेबलं यायला हवीत, पण हीप कोड आणि स्टॅकच्या पुढे, २ एमबीच्या सीमेवर नसलेल्या पत्त्यावर सुरू होते, म्हणून ३३ लागतात. या एका टेबलाच्या फरकानं खालच्या काउंटरची बेरीज चुकल्यासारखी वाटते. ती चूक नाही.

वेळ मोजलेली नाही. क्यूएमू खऱ्या कॅशचं आणि टीएलबीचं (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणारी प्रोसेसरमधली साठवण) अनुकरण करत नाही, त्यामुळे तिथले मायक्रोसेकंद सांगण्यात अर्थ नाही. त्याऐवजी कर्नलमध्ये चार काउंटर ठेवले: वॉकच्या (रूटपासून उतरत एंट्री शोधणाऱ्या फंक्शनच्या) हाका, नवी टेबलं, बदललेल्या एंट्र्या आणि वाढवलेले रेफकाउंट (एका पानाकडे किती जण बोट दाखवतात ती संख्या). कंट्रोल-पी दाबल्यावर प्रोसेसच्या यादीखाली ते छापले जातात.

फोर्कच्या वेळी मेमरीची नक्कल करणाऱ्या मूळ यूव्हीएमकॉपीत या आकाराचा फोर्क होतच नाही. ६४ अधिक ६४ एमबी आणि वर कर्नल हे १२८ एमबीत मावत नाही, फोर्क उणे १ परत देतो. कॉपी-ऑन-राइट लावल्यावर तो झाला, पण प्रत्येक पानामागे वॉक दोनदा चालत होता: जुन्या टेबलात एकदा आणि मॅपपेजेसमधून नव्या टेबलात एकदा. १६,३८४ पानांना ३२,७६८ फेऱ्या, दर वेळी रूटपासून. लूप २ एमबीच्या टप्प्यानं फिरवून लीफ टेबलचा पत्ता एकदाच काढला आणि आत ५१२ एंट्र्या सरळ वाचल्या, की फेऱ्या ६६ वर येतात. एवढ्यावर थांबलात तरी बरंच पदरात पडतं.

दुसरी गळती मोकळं पान देणाऱ्या केॲलोकमध्ये होती. ते प्रत्येक पान देताना त्यात ५ हा बाइट भरतं, आणि मग वॉक तेच पान शून्यानं पुसतो. पूर्ण ५१२ एंट्र्या लिहायच्याच असतील तर दोन्ही पुसण्या फुकट जातात, म्हणून टेबलच्या नकलेसाठी न भरता पान देणारं वेगळं फंक्शन केलं. डीबग करताना मात्र भरणं चालू ठेवा. एंट्रीत ०५०५ दिसलं तर टेबल शून्य न करता वापरलंय. ०१०१ दिसलं तर केफ्रीनं मोकळं केलेलं टेबल अजून कुणीतरी धरून बसलंय. दोन्ही आकड्यांत व्हॅलिड बिट लागलेला असतो, त्यामुळे नुसतं ‘व्हॅलिड आहे का’ विचारून घोटाळा सापडत नाही.

आता मूळ काम, लीफ टेबल दोघांत वाटणं. x८६वर (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) वाचलेली युक्ती इथे जशीच्या तशी बसत नाही. तिथे लिहिण्याची परवानगी सगळ्या पातळ्यांच्या बिटांचा ‘आणि’ करून ठरते. म्हणून वरच्या एंट्रीतला एक बिट काढला की खालची २ एमबी एकदम रीड-ओन्ली होते, आणि लीफ टेबलला हात न लावता ते दोघांत वाटता येतं. परड्यू विद्यापीठातल्या २०२१च्या ऑन-डिमांड-फोर्क या संशोधनाचा पायाही हाच आहे. रिस्क-फाइव्हमध्ये मधल्या एंट्रीला परवानगीच नसते. रीड, राइट, एक्झिक्यूट तिन्ही शून्य असतील तरच ती पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते. ‘रीड-ओन्ली करू’ म्हणून मधल्या एंट्रीत रीड बिट लावला, तर हार्डवेअर तिला २ एमबीचं मोठं पान समजतं. पत्ता २ एमबीवर जुळत नसेल तर पेज फॉल्ट येतो. चुकून जुळला तर, आणि यूजर बिटही लावलेला असेल तर, प्रोसेसला आपलंच पेज टेबल डेटा म्हणून वाचायला मिळतं. एक्सव्ही६चा वॉक हे तपासत नाही, तो बिनधास्त खाली उतरतो. म्हणून कर्नलला सगळं ठीक दिसतं आणि प्रोसेस मात्र मरते.

म्हणून इथली वाट अशी. पहिल्या फोर्कला पालकाच्या लीफ टेबलातच राइट बिट काढायचे आणि जिथे तो होता तिथे बिट ८ लावायचा. बिट ८ आणि ९ सॉफ्टवेअरसाठी राखीव आहेत. मग मुलाच्या मधल्या टेबलात त्याच लीफ टेबलचा पत्ता लिहायचा आणि टेबलच्या पानाचा रेफकाउंट १नं वाढवायचा. टेबलही केॲलोकमधूनच येतं, त्यामुळे वेगळी यादी लागत नाही. मधल्या एंट्रीत बिट ९ लावायचा: ‘या टेबलातले राइट बिट काढून झालेत’. पुढच्या फोर्कला बिट ९ दिसला की ५१२ एंट्र्या चाळायच्याच नाहीत. फॉल्टमध्ये एखाद्या एंट्रीला राइट बिट परत दिला की बिट ९ काढायला विसरू नका. विसरलात तर पुढच्या फोर्कनंतर पालकाचं लिखाण मुलाला दिसू लागतं.

डेटा पानाचा रेफकाउंट आता किती प्रोसेसकडे पान आहे हे सांगत नाही, किती लीफ टेबलं त्याकडे बोट दाखवतात हे सांगतो. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

स्टोअर पेज फॉल्ट (लिहिताना आलेला फॉल्ट, एसकॉज रजिस्टरमध्ये १५) आला की आधी टेबलचा रेफकाउंट बघायचा. १पेक्षा जास्त असेल तर टेबलची नक्कल करायची, व्हॅलिड एंट्र्यांच्या डेटा पानांचे रेफकाउंट वाढवायचे, आणि त्यानंतरच जुन्या टेबलचा कमी करायचा. क्रम उलटा केला आणि मधल्या वेळात दुसऱ्या हार्टवर (रिस्क-फाइव्हच्या भाषेत सीपीयूवर) जोडीदार संपला, तर तो टेबल मोकळं करताना आपली पानंही मोकळी करून जातो. दोघांनी एकदमच नक्कल केली तर दोघंही कमी करतात, आणि ज्याच्या हातात शून्य येतं त्यानं टेबलमधल्या सगळ्या पानांचे रेफकाउंट उतरवून टेबल मोकळं करायचं. म्हणून कमी करणं आणि उरलेली संख्या वाचणं एकाच अणुक्रियेत (मधे दुसरं कुणी घुसू शकत नाही अशा क्रियेत) हवं. टेबल आपलं एकट्याचं झालं की मग डेटा पानाकडे वळायचं: रेफकाउंट १ असेल तर राइट बिट परत द्यायचा, नाहीतर पान कॉपी करायचं. बिट ८ आहे की नाही हे तपासल्याशिवाय काहीच करायचं नाही, नाहीतर यूजरटेस्ट्स या एक्सव्ही६च्या चाचणी-संचातली टेक्स्टराइट चाचणी पडते आणि प्रोसेस स्वतःच्या कोडवर खुशाल लिहिते.

रेफकाउंटचा ॲरे ३२,७६८ घरांचा. प्रोसेस जास्तीत जास्त ६४, म्हणजे एक बाइट पुरतो आणि ३२ केबीत काम होतं, असा मोह होतो. पण रिस्क-फाइव्हच्या नेहमीच्या अणुसूचना ४ आणि ८ बाइटच्याच आहेत. जुन्या जीसीसीवर एक बाइटचा प्रकार बाहेरच्या लायब्ररीला हाक मारतो आणि लिंकर अडतो. ४ बाइट घ्या, १२८ केबी जाऊ द्या. शिवाय बूटच्या वेळी फ्रीरेंज प्रत्येक पानाला केफ्री लावतं, तेव्हा आधी काउंट १ करून ठेवा. नाहीतर तो उणे १ होतो आणि फ्री लिस्ट रिकामी राहते.

टीएलबीचं काम इथे सोपं आहे. यूजरकडे परतताना ट्रॅम्पोलीन (कर्नल आणि यूजर यांच्यात ये-जा करणारा कोड) एसफेन्स.व्हीएमए ही टीएलबी पुसणारी सूचना चालवतंच, आणि प्रोसेसला एकच थ्रेड असतो. शिवाय सामाईक टेबलात कधीच लिहायचं नाही हा नियम पाळला की दुसऱ्या हार्टला कळवायची गरज उरत नाही.

नियम मोडतो तो नको त्या ठिकाणी. कॉपीआउट (कर्नलमधून प्रोसेसला डेटा देणारं फंक्शन) भौतिक पत्त्यावर लिहितं, त्याला फॉल्ट येत नाही, म्हणून तिथेही हीच टेबल-मग-पान तपासणी हवी. एसबीआरके या सिस्टिम कॉलनं हीप वाढवताना शेवटचं अर्धवट टेबल सामाईक असेल तर आधी वेगळं करा, नाहीतर नवं पान दोघांनाही मिळतं. कमी करतानाही तेच. एक्झिटला सामाईक टेबलचा फक्त रेफकाउंट उतरवून मधली एंट्री शून्य करा. ती तशीच ठेवली तर ‘फ्रीवॉक: लीफ’ हा पॅनिक (कर्नल बंद पडणं) ठरलेला. ट्रॅपफ्रेम (रजिस्टर जपून ठेवायचं पान) आणि ट्रॅम्पोलीन पत्त्यांच्या वरच्या टोकाला असतात, ते यात आणायचे नाहीत.

हिशेब: पहिल्या फोर्कला हीपच्या १६,३८४ एंट्र्यांचे राइट बिट निघाले, हीपसाठी नवी लीफ टेबलं ०, रेफकाउंट ३३ टेबलांचे. मूल लगेच एक्झेक करत असेल (दुसरा प्रोग्राम चढवत असेल) तर स्टॅक असलेलं पहिलं टेबल तेवढं वेगळं होतं, बाकी ३२ तशीच राहतात. मधे पालकानं हीपवर लिहिलं नाही तर दुसऱ्या फोर्कला फक्त ते पहिलं टेबल चाळावं लागतं.

पण शेल, कॅट, ग्रेप यांना शून्य फायदा. त्यांचं सगळं बिऱ्हाड एकाच लीफ टेबलात असतं, आणि फोर्कमधून परतताक्षणी स्टॅकवर लिहिल्यानं ते वेगळं होतंच. वर एका फॉल्टचा भुर्दंड. म्हणून एकच लीफ टेबल असेल तर जुन्या पद्धतीनं सरळ नक्कल, अशी अट घातली आहे. पालक फोर्कनंतर सगळ्या हीपवर लिहिणार असेल तरीही काम वाचत नाही, पुढे ढकललं जातं: दर २ एमबीमधल्या पहिल्या लिखाणाला ५१२ रेफकाउंट वाढवण्याची किंमत पडते.

चाचणीचा क्रम: आधी एक सीपीयू, मग तीन. यूजरटेस्ट्स शेवटी मोकळी पानं मोजतं. ‘पानं हरवली’ असा निकाल आला तर रेफकाउंट कुठेतरी उतरवायचा राहिलाय. फोर्कफोर्कफोर्क आणि एसबीआरकेमच या दोन चाचण्या आधी चालवा, बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. सध्या या दोन्ही चाचण्या तीन सीपीयूंवर पार होतात. एसबीआरकेनं २ एमबीची सीमा ओलांडून हीप कमी केल्यावर रिकामं झालेलं लीफ टेबल एक्झिटपर्यंत अडकून राहतं, ते पुढच्या पॅचमध्ये.